पेनल्टी किल सुधारायचाय? बॉक्स की डायमंड हा वाद थोडा बाजूला ठेवा

प्रश्न कॅनडातल्या कॅल्गरीच्या एका मराठी बाबांचा आहे. मुलाच्या यू-१५ (पंधरा वर्षांखालच्या) आइस हॉकी संघाला ते असिस्टंट कोच म्हणून मदत करतात. २२ सामने झाले. त्यात पेनल्टीमुळे एक जण बाहेर बसून संघ ८८ वेळा (गोलकीपर सोडून) चार जणांनिशी खेळला, म्हणजे पेनल्टी किल करत होता, आणि २९ गोल खाल्ले. पाचास पाच खेळताना संघ कुणाला हार जात नाही, पण पेनल्टी लागली की सगळं ढासळतं. हेड कोच म्हणतात, बॉक्स (चौघांचा चौकोन) सोडायचा नाही. दुसरे असिस्टंट म्हणतात, डायमंड (पतंगासारखा उभा चौकोन) लावा आणि अंगावर जा. "यातलं कोणाचं ऐकू?"

महिनाभर तरी कोणाचंच नको, असं माझं म्हणणं आहे.

मी मूळचा सांगलीचा. तिशीपर्यंत बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. पण गेली चौदा वर्षं कॅनडातच, मिसिसागात मुलांचे संघ सांभाळतोय, आणि पेनल्टी किलची माती झालेली बघितली आहे, एकदा तर माझ्याच हातून. टीव्हीवर एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे) संघ 'वेज प्लस वन' खेळताना बघून मी भारावलो: तिघांचा त्रिकोण गोलासमोर, चौथा वर पकाच्या (खेळातल्या रबरी चकतीच्या) मागे फिरणार. फळ्यावर मॅग्नेट सरकवून पोरांना ते पाच आठवडे शिकवलं. पोरं शहाणी. प्रत्येकाला आपली जागा तोंडपाठ झाली आणि पक कुठे आहे हे बघायचं सगळेच विसरले. शेवटी एका आईने फोनवर काढलेले व्हिडिओ घेऊन रात्री स्वयंपाकघरात बसलो आणि खाल्लेला प्रत्येक गोल पंधरा सेकंद मागे नेऊन बघितला. निम्म्याहून जास्त वेळा गोलाच्या काही क्षण आधी पक आमच्याच स्टिकवर होता. आमच्याच! एवढा हातात आलेला पक आम्ही झोनबाहेर (आपल्या गोलाकडच्या पट्ट्याबाहेर) काढू शकलो नव्हतो.

तेव्हापासून मोडलेला पेनल्टी किल समोर आला की मी आधी क्लिअर, म्हणजे झोनबाहेर काढलेले पक, मोजतो. तुम्हीही तेच करा. आपल्या झोनमध्ये पक आपल्या ताब्यात किती वेळा आला आणि त्यातले किती ब्लू लाइनच्या (झोनच्या सीमारेषेच्या) बाहेर गेले, दोनच आकडे. पेनल्टी दोन मिनिटांची, म्हणजे १२० सेकंद. रिंक २०० फूट लांब. पक पार पलीकडच्या टोकाला गेला की त्यांना मागे जायचं, पक उचलायचा, पुन्हा जुळवाजुळव करायची, पुन्हा आत शिरायचं. या वयाच्या मुलांना त्यात पंधरा ते वीस सेकंद जातात, मी घड्याळ लावून पाहिलंय. तीन चांगले क्लिअर झाले की जवळजवळ अर्धी पेनल्टी तिथेच संपली. त्या वेळात तुमचा बॉक्स आहे की डायमंड, कोण विचारतंय?

क्लिअर फसतो कसा ते सांगतो, कारण तो दर वेळी एकाच पद्धतीने फसतो. कोपऱ्यात पक मिळतो, मुलगा पाठमोरा असतो, मागून कोणीतरी येतंय एवढं त्याला ऐकू येतं. तो घाबरून बॅकहँडने पक बोर्डाला (रिंकच्या कठड्याला, ज्यावर काच असते) घासून वर सरकवतो. पक बर्फाला चिकटून, हळू, रांगत जातो. आणि ब्लू लाइनवर बोर्डाला टेकून त्यांचा डी (डिफेन्समन, बचावपटू) उभाच असतो, कारण गेल्या तीन वेळी पक तिथेच आलेला असतो. तो पायाने अडवतो आणि पुन्हा गोलावर मारतो.

आमचा १७ नंबर यातला उस्ताद होता. मेहनती पोरगा, पण बॅकहँडने पक हवेत उचलता यायचा नाही. मग मी स्वतः शिनपॅड बांधून ब्लू लाइनवर बोर्डाशी उभा राहायला लागलो. तो कोपऱ्यात पाठमोरा, मागून दुसरा मुलगा ढकलायला येणार, आणि त्याने पक माझ्यापासून सोडवून बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी वीसातले सतरा पक माझ्या नडगीवर बसले. त्याला सांगितलं, पक घ्यायला जाताना आधी खांद्यावरून एकदा मागे बघ, पकाला हात लावण्यापूर्वी, नंतर नाही. आणि पक बर्फावरून घासू नको, मनगट फिरवून काचेवर चढव, माझ्या डोक्याच्या उंचीला. सहा आठवड्यांनी वीसातले चौदा-पंधरा बाहेर जायला लागले. बाकी काहीही बदललं नव्हतं.

फक्त काचेच्या वरून प्रेक्षकांत गेला तर वेळकाढूपणाची आणखी एक पेनल्टी बसू शकते, आणि तीन जणांनी खेळायची पाळी येते. त्यामुळे उंची खांद्यापासून डोक्यापर्यंत, त्याच्यावर नाही. आणि जवळ कोणी नसेल तर घाई कशाला? दोन पावलं पुढे जा, मान वर कर, मग मार. संख्या कमी असताना पक सरळ पलीकडे भिरकावला तरी आयसिंग (लांब मारलेल्या पकाची शिट्टी) लागत नाही, ही आपल्याला मिळालेली एकमेव सवलत आहे.

इथे एक धोक्याची सूचना. सीमा ओलांडून अमेरिकेत टुर्नामेंटला जाणार असाल तर आधी नियम विचारून घ्या. यूएसए हॉकीने २०१७-१८ च्या हंगामापासून १४ वर्षं आणि त्याखालच्या गटांसाठी ही सवलत काढून टाकली आहे. माझ्या मुलांनी पक दणक्यात पलीकडे मारला, शिट्टी वाजली आणि फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) परत आमच्याच गोलाजवळ. तिसऱ्या शिट्टीनंतर मला कळलं की चूक मुलांची नाही, माझी आहे.

आता थोडा हिशोब. ८८ मध्ये २९ म्हणजे तुमचा पेनल्टी किल ६७ टक्के, आणि ढोबळमानाने दर तीन पेनल्ट्यांमागे एक गोल. हा आकडा ७५ वर न्यायचा तर २९ ऐवजी २२ गोल खायला हवेत, सात कमी. तेच सात गोल दुसऱ्या वाटेनेही वाचतात: सामन्यामागे चार पेनल्ट्या होतात त्या तीनवर आणा. २२ सामन्यांत २२ पेनल्ट्या कमी, म्हणजे सातेक गोल कमी, आणि त्यासाठी पेनल्टी किल एक टक्काही सुधारावा लागत नाही.

म्हणून पेनल्टीची नोंद करताना कारणाशेजारी जागाही लिहा. मी लिहायला लागलो तेव्हा चाट पडलो. बहुतेक पेनल्ट्या आमच्या गोलापासून लांब, त्यांच्या झोनमध्ये नाहीतर मधल्या पट्ट्यात. हुकिंग, ट्रिपिंग, होल्डिंग: अडकवणं, पाडणं, धरणं. मुलगा पक घालवतो, वैतागतो, दोन पावलं मागे पडतो आणि स्टिक घालतो. पाय थांबले की हात पुढे जातो, एवढंच आहे त्यात. याचा इलाज स्केटिंग. ओरडून काही होत नाही. गोल होणारच होता आणि डीने लटकून तो वाचवला, त्या पेनल्टीला मी कधी बोलत नाही. पण पलीकडच्या कोपऱ्यात मागून घातलेल्या स्टिकसाठी पुढची शिफ्ट (बर्फावरची पाळी) बाकावर. मुलांना हा फरक बरोबर कळतो. पालकांना समजवायला जरा वेळ लागतो.

टक्क्यांच्या फार मागे लागू नका, हेही आत्ताच सांगून ठेवतो. एनएचएलमधल्या व्हँकूवर कनक्सचा २०२२-२३ चा पेनल्टी किल ७१.६ टक्के होता, ३२ संघांत शेवटचा. त्या उन्हाळ्यात त्यांनी इयन कोल, कार्सन सूसी, टेडी ब्लूगर, पिअस सूटर अशी या कामाची माणसं आणली. मधल्या काळात रिक टॉकेट कोच म्हणून आलेच होते. पुढच्या हंगामात आकडा ७९ च्या आसपास गेला, म्हणजे लीगमध्ये जेमतेम मधला. तेवढ्यावर संघ पॅसिफिक डिव्हिजनमध्ये पहिला आला. पेनल्टी किल हे त्यामागचं एकमेव कारण अर्थातच नव्हतं, पण तळातून मध्यावर येणं किती मोलाचं असतं ते दिसतं. उलटं उदाहरण एडमंटनचं. २०२३-२४ च्या नियमित हंगामात ते ८० टक्क्यांच्या आतच होते, आणि त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये ७० पैकी ६६ पेनल्ट्या गोल न खाता काढून स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यापर्यंत पोचले. माणसं तीच. काही डावपेच सुधारले असतील, गोलकीपर रंगात आला असेल, आणि उरलेलं नशीब. २५ सामन्यांत आकडा एवढा झुलतो, तर तुमच्या चार सामन्यांत काय होईल? म्हणून टक्के महिन्यातून एकदा बघा. क्लिअर दर सामन्याला मोजा.

आता फेसऑफ. पेनल्टीनंतरचा पहिला फेसऑफ आपल्याच झोनमध्ये, म्हणजे सुरुवातच अडचणीतून. या वयाच्या सेंटरला (फेसऑफ घेणाऱ्याला) पक स्वच्छ जिंकायचा असतो, मागे खेचायचा असतो, टीव्हीसारखा. दहातले पाच-सहा तो हरतो आणि हरलेला प्रत्येक पक थेट त्यांच्या पॉइंटवर (ब्लू लाइनजवळच्या खेळाडूकडे) जातो. मी माझ्या सेंटरला सांगतो, जिंकू नकोस, हरूही नकोस, गोंधळ घाल. समोरच्याची स्टिक दाबून धर, पक पायांत अडकव, तोवर आपला विंगर (बाजूचा फॉरवर्ड) आत घुसतो आणि भिंतीकडच्या बाजूला पक उकरून काढतो. तिथून डी एकच गोष्ट करणार: काचेवर, बाहेर. विचार करायचा नाही. दुसरी योजना मी ठेवतच नाही. चौदा वर्षांच्या मुलाला दोन योजना दिल्या की तो त्या दोन्हींच्या मधोमध उभा राहतो.

पुन्हा आत शिरताना त्यांना अडवण्याबद्दल जास्त लिहीत नाही. पहिला फॉरवर्ड सरळ अंगावर न जाता कोन धरून पकवाल्याला एका बाजूला ढकलतो, बाकी तिघे ब्लू लाइनवर उभे राहतात. तुमचे दोन्ही डी मागे मागे सरकत गोलकीपरच्या मांडीवर जाऊन बसत असतील तर ते आधी थांबवा. ब्लू लाइनवर ठाम राहिले की त्यांना पक आत फेकावा लागतो, आणि फेकलेल्या पकावर आपला डी आधी पोचला की परत वरचाच धडा: खांद्यावरून बघ, उचल, बाहेर.

आता तुमच्या भांडणाकडे येतो. बॉक्स की डायमंड? खरं सांगायचं तर या वयात पक चार पासांनंतर कुठे असेल हे त्यांनाही ठाऊक नसतं, आकार काय धरून बसता? मी मुलांना फळ्यावर एक घर काढून देतो. दोन्ही गोलपोस्टपासून दोन्ही फेसऑफ डॉटपर्यंत दोन तिरप्या रेषा, तिथून वर सर्कलच्या माथ्यापर्यंत दोन सरळ, आणि वर छप्पर. गोल होतात ते बहुतेक या घराच्या आतून. घराबाहेर त्यांना हवा तेवढा पक फिरवू द्या, त्यांचे सेकंद जातायत. घराच्या आरपार, डावीकडून उजवीकडे जाणारा पास मात्र जाता कामा नये. तो गेला की गोलकीपरला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकावं लागतं, आणि तो पोचण्याआधी शॉट सुटलेला असतो. सराव सामन्यात मी हा पास गेला की गोल होवो न होवो, शिट्टी मारतो आणि पॉवर प्लेवाल्यांना (पाच जणांच्या बाजूला) एक गुण देतो.

तो पास स्टिकने अडतो, अंगाने नाही. पण मुलांची स्टिक कमरेला असते! मान खाली न घालता स्टिकचं पातं बर्फावर, पासाच्या वाटेत, झाडू मारल्यासारखं फिरत राहिलं पाहिजे. हे अंगवळणी पाडायला जुना, पण हमखास चालणारा सराव आहे: चौघांना स्टिक उलटी धरायला लावा, पातं हातात, दांड्याचं टोक खाली. पक थांबवता येत नाही म्हटल्यावर मुलं आपोआप नीट उभी राहायला शिकतात. पाच मिनिटांनी स्टिक सरळ करा. त्यांना वाटतं हातात फावडं आलं.

राहिला प्रश्न अंगावर जायचं की नाही. इथे दुसऱ्या असिस्टंटचं निम्मं बरोबर आहे. सतत बॉक्समध्ये उभं राहिलात तर चांगला नेमबाज निवांत नेम धरतो. पण एकटाच उठून गेला तर त्याच्यामागे भगदाड पडतं. मी शाळेत कबड्डी खेळलोय, त्यामुळे मला हे लगेच उमगतं. साखळीतला एक जण एकटाच रेडरवर झेपावला आणि बाकीचे बघत राहिले, तर रेडर त्याला शिवून मधल्या रेषेवर पोचतो. जायचं तर चौघांनी सरकायचं. कधी जायचं यासाठी आमच्या संघात एकच वाक्य आहे: पाठ दिसली की जा, छाती दिसली की थांब. समोरचा पक घ्यायला बोर्डाकडे वळलाय, त्याची पाठ आपल्याकडे आहे, त्याला बर्फ दिसत नाहीये, तेव्हा जवळचा सुसाट जाणार आणि उरलेले तिघे त्या बाजूला एकेक पाऊल घेणार. पक उसळला, पास मागे पडला, तरी हेच. त्याने वळून छाती आपल्याकडे केली, मान वर आली, की परत घरात. हे वाक्य मी इंग्रजीतच सांगतो अर्थात, पण मराठीत जास्त छान बसतं.

एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे थांबणं. मुलं मोठी गोल वळणं घेत परततात, दिसायला झकास दिसतं, पण त्या वळणात तीन सेकंद जातात. पेनल्टी किलमध्ये गोल वळण बंद. जा, बर्फ उडवत थांब, परत ये. हे दमवणारं काम आहे, म्हणून शिफ्ट तीस-पस्तीस सेकंदांची. बदली करायची ती पक पार पलीकडे गेल्यावरच. पक नुसता ब्लू लाइनच्या बाहेर पडला आणि दोघे बाकाकडे पळाले, हा माझ्या लेखी फुकट दिलेला गोल. दुसऱ्या पिरियडमध्ये तर आपला बाक आपल्या झोनपासून लांब जातो, तेव्हा अडकलेले चौघे अडकलेलेच राहतात. तुमच्या २९ गोलांपैकी किती दुसऱ्या पिरियडमधले आहेत, एकदा बघाच.

गोलकीपरचं काय? पेनल्टी किलमधला सर्वात महत्त्वाचा खेळाडू गोलकीपर, हे वाक्य प्रत्येक कोच म्हणतो आणि त्या पोराशी एक शब्द बोलत नाही. त्याला विचारा, तुला शॉट दिसतोय का. आमच्या पोरीने (हो, आमची गोलकीपर मुलगी होती, संघातली सगळ्यात शांत) सांगितलं, "शॉटचं मला काही वाटत नाही, मला आपल्याच डीची पाठ दिसते." म्हणजे डी शॉट अडवायला अर्धवट पुढे यायचे, अडवायचे नाहीत आणि तिच्या डोळ्यांसमोर पडदा व्हायचे. तेव्हापासून नियम: अडवायचा तर पूर्ण वाटेत ये, नाहीतर बाजूला हो आणि समोरच्याची स्टिक उचल. रिबाउंड (गोलकीपरला लागून परत उसळलेला पक) कोणाचा, हेही आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

पाचास तीन झाले तर त्रिकोण करा, घराच्या आत दाटून उभे राहा आणि गोलकीपरला शॉट दिसू द्या. त्याचा वेगळा सराव करण्याइतका बर्फ आपल्याला मिळत नाही. पाच मिनिटांच्या मेजर पेनल्टीत मात्र मुलांना आठवण द्या की गोल खाल्ला तरी पेनल्टी संपत नाही, खांदे पाडायला वेळ नाही. साध्या दोन मिनिटांच्या पेनल्टीचंही पूर्वी तसंच होतं. ५ नोव्हेंबर १९५५ ला माँट्रियलच्या जाँ बेलिव्होने बॉस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेवर ४४ सेकंदांत तीन गोल ठोकले, आणि १९५६ मध्ये एनएचएलने नियम बदलून गोल झाला की शिक्षा संपेल असं केलं. एका संघाचा पॉवर प्ले इतका भारी पडला की नियमच बदलला! ही गोष्ट पोरांना बसमध्ये सांगा, त्यांना आवडते.

माणसं निवडताना सगळा भार तुमच्या सर्वोत्तम चौघांवर टाकू नका. सामन्यात चार पेनल्ट्या म्हणजे आठ मिनिटं ते तिथेच झिजतात आणि मग पाचास पाचमध्ये त्यांचे पाय चालत नाहीत. फॉरवर्डच्या तीन जोड्या ठेवा. गोल करण्याची हाव कमी, पण थांबता येणारी, मान वर ठेवणारी पोरं शोधा. प्रत्येक संघात अशी दोन-तीन असतात आणि त्यांना कोणी काही काम दिलेलं नसतं.

हेड कोचशी कसं बोलावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी अडचण तीच असणार. बॉक्स चुकीचा आहे असं म्हणूच नका. "बॉक्स ठेवू, फक्त सरावातली दहा मिनिटं क्लिअरसाठी मला द्या", असं म्हणा. दहा मिनिटं कोणीही देतं. आणि दुखापतीमुळे बसलेला एखादा खेळाडू असेल तर त्याला स्टँडमध्ये कागद देऊन बसवा. चार रकाने: पक हातात आला, बाहेर गेला, घराच्या आरपार पास, पेनल्टी कुठे झाली. बाबालोकांना हे काम देऊ नका. आपलं पोरगं बर्फावर असताना बाबा नीट मोजत नाही, मीही मोजलेलं नाही. पाच सामन्यांनंतर तो कागद मला पाठवा, मग बॉक्स की डायमंड त्यावर हवं तेवढं भांडू.